पंधरा गुण गेले कुठं?

राजमतीबाई मगदूमांना माणूस चपलेवरून कळत असे. इचलकरंजीतल्या त्यांच्या वधूवर केंद्राच्या दारात चपला उतरल्या की आत येणारं स्थळ कितपत टिकेल, याचा अंदाज त्या चहाचं आधण उकळायच्या आत बांधत. टाच एकाच बाजूनं झिजलेली असली तर माणूस हट्टी. चप्पल नवीकोरी असली तर दाखवायला आलेला. आणि आईच्या चपलेवर मुलाची चप्पल चढलेली असली, तर त्या घरात येणाऱ्या सुनेनं दोघांशी संसार करायची तयारी ठेवावी. स्वतःच्या दारातल्या चपला मात्र त्यांनी कधी निरखून बघितल्या नव्हत्या. घरच्या चपलांकडं कोण बघतं?

त्यांची खरी हुशारी चौकशीत होती. मुलगा कसा आहे हे मुलाला विचारायचं नसतं, हा त्यांचा पहिला नियम. ते किराणा दुकानदाराला विचारायचं, औषधवाल्याला विचारायचं, समोरच्या घरातल्या रिकाम्या म्हातारीला तर अवश्य विचारायचं. राजमतीबाई दोन वाक्यं देऊन दहा घेऊन येत, आणि देणाऱ्याला आपण काही दिलं असं वाटतही नसे.

मग फोन फुटले. एका आठवड्यात अर्ध्या राज्याचे निरोप, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, रात्री कोण कुठं होतं त्याचे नकाशे, सगळं चव्हाट्यावर आलं. कितीतरी लग्नं मोडली, काही होता होता राहिली. त्यानंतर कायदा आला की प्रत्येक फोनमध्ये तिजोरी नावाची चिप हवी. फोनला मालकाचं जे जे कळतं ते त्या चिपेच्या आत राहील आणि आतच राहील. कंपनीला दिसणार नाही, सरकारला दिसणार नाही. लोकांना गुपिताची अशी काही गोडी लागली की समोरची रिकामी म्हातारीसुद्धा म्हणायला लागली, "वहिनी, दुसऱ्याचं सांगायचं तर त्याची संमती लागते म्हणं आता." राजमतीबाईंचा निम्मा धंदा त्या एका वाक्यानं बसला.

उरलेला निम्मा 'मेळ'नं सावरला.

मेळ म्हणजे काय, हे राजमतीबाई येणाऱ्या पालकांना आपल्या पद्धतीनं समजावत. "समजा, दोन जावा आहेत. कुणाकडं सोनं जास्त, हे दोघींना जाणून घ्यायचंय. पण आपला आकडा सांगायला एकही तयार नाही. सासूला मध्ये घातलं तर गावभर होणार. आता सासू अशी कल्पा, की तिच्याकडं दोघींनी आपापले कुलूपबंद डबे दिले. तिनं डबे न उघडता काहीतरी हिशेब केला आणि एवढंच सांगितलं, की थोरलीचं जास्त. किती जास्त ते तिलासुद्धा माहीत नाही. अशी सासू जन्माला येणं शक्य नाही, म्हणून पुण्याच्या पोरांनी ती गणितानं बनवली."

समजावणं गमतीचं असलं तरी चुकीचं नव्हतं. माहितीला असं गणिती कुलूप घालता येतं, की ते न उघडता आतल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करता यावी. उघडतं ते फक्त शेवटचं उत्तर. मुलानं आपल्या फोनमध्ये जोडीदाराबद्दल काय चालेल, काय चालणार नाही ते भरायचं. मुलीनं तिच्या फोनमध्ये. खरं काय आहे हे फोनना आपापल्या मालकाबद्दल ठाऊक असतंच. मग एकाच्या अटी दुसऱ्याच्या सत्यावर कुलपासकट ठेवून बघायच्या. निकाल छत्तीसपैकी, कारण त्या आकड्यावर लोकांचा आधीपासून विश्वास. कुठला गुण कशानं गेला ते कुणालाच कळत नाही. अठराच्या खाली निकाल गेला की जोडणी आपोआप मिटते, आणि त्या दोघांची पुन्हा वर्षभर होत नाही.

प्रश्नांच्या अगदी शेवटी एक प्रश्न होता. 'जोडीदाराचा फोन घरातलं दुसरं कुणी उघडत असेल तर चालेल का?' राजमतीबाई सगळ्यांना सांगत, "चालेल म्हणून टाका. फोन म्हणजे घरातला चमचा. ज्याला लागेल त्यानं घ्यावा."

*

त्यांच्या स्वतःच्या मुलाचा, अभिनंदनचा, मेळ झाला तो एका रविवारी, केंद्रातल्याच टेबलावर. अभिनंदन कापडाच्या नक्ष्या संगणकावर मांडायचं काम करी आणि माणसांशी बोलताना आपण चुकीच्या रंगाचा धागा ओढतोय की काय, अशा बेतानं बोले. मुलगी जयसिंगपूरची, त्रिशला चौगुले. कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकू येणं तपासायची.

"कंटाळा येत नाही का गं, दिवसभर म्हाताऱ्यांच्या कानांशी?" राजमतीबाईंनी विचारलं.

"उलट, काकू. लोक कान दाखवायला येतात आणि घरातलं सगळं सांगून जातात. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात फार."

अभिनंदन हसला. मोठ्यानं. राजमतीबाईंनी हा आवाज घरात बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले, गोल फिरणारं चिन्ह फिरलं, आणि आकडा आला. एकवीस.

"पास," अभिनंदनचे वडील शांतिनाथ म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी पुढं ओढली. त्यांना आयुष्यात पासाच्या पुढच्या श्रेणीची कधी गरज पडली नव्हती. जोडणी पंधरा दिवस उघडी राहणार होती. तेवढ्या मुदतीत हवा तेव्हा कुणीही आपल्या फोनवरून मेळ पुन्हा घेऊन बघू शकत होतं. मन बदललं तर अटी बदलायची सोय असावी म्हणून.

सगळे खूश होते. राजमतीबाईही होत्या. पण हातातला माल मोजून घेताना काही कमी भरला, तर दुकानदार कितीही गोड असला तरी विचारावंसं वाटतंच. छत्तीसातले एकवीस मिळाले. पंधरा गुण गेले कुठं?

*

मंगळवारी अभिनंदन आंघोळीला गेला आणि राजमतीबाईंनी चार्जिंगला लावलेला त्याचा फोन उचलला. यात चोरी वगैरे काही नव्हती, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. कॉलेजात असताना त्याचं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा फोन उघडायला आईचा अंगठा नोंदवला होता. प्लास्टर निघालं. अंगठा राहिला. तेव्हापासून त्या अधूनमधून डोकावत. दूध उतू जातंय का हे बघायला स्वयंपाकघरात डोकावावं तसं.

त्यांना एक युक्ती सुचली होती, आणि ती कुणा शिकलेल्या चोरालाही शोभली असती. मेळ एकदा घेतला तर तो काही सांगत नाही. पण दोनदा घेतला, आणि मध्ये एकच गोष्ट बदलली, तर दोन उत्तरांमधला फरक बोलायला लागतो. तिजोरी कितीही भक्कम असली तरी फरकाला कुलूप घालता येत नाही. अभिनंदननं 'जोडीदाराला जुना आजार असल्यास' या प्रश्नापुढं 'चालेल' लिहिलं होतं. राजमतीबाईंनी ते 'चालणार नाही' केलं आणि मेळ घेतला.

वीस.

त्या खाटेवर बसल्या. एक गुण घसरला. म्हणजे आजार आहे! लहानसा असेल, एकाच गुणाचा, पण आहे. छातीत जे धडधडलं त्यात काळजी किती आणि जिंकल्याचा आनंद किती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. त्यांनी मेळ बंद केला, फोन होता तसा चार्जिंगला लावला आणि दुपारी मुलीच्या मिरजेच्या मावशीला फोन केला.

"काही नाही ओ, सहजच. पोरीला कसल्या गोळ्याबिळ्या चालू आहेत का? नाही, आपलं पथ्यपाणी सांभाळायला बरं."

*

बुधवारी दुपारी केंद्राच्या दारात चपलांचा एकच जोड उतरला. टाच दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली.

"काकू," त्रिशला आत येत म्हणाली, "मला कसल्या गोळ्या चालू आहेत ते जरा मलाही सांगा. वेळेवर घेत जाईन म्हणते."

राजमतीबाईंचा हात पाण्याच्या तांब्याकडं गेला. "अगं, मी सहजच..."

"मावशीनं आईला सांगितलं. आई रडली. बाबा कालपासून मला जिना चढू देत नाहीत." ती हसत होती, पण बसली नाही. "मला आजार नाही. असता तर पहिल्याच भेटीत सांगितला असता, माझ्या कामात ते लपवायची सवयच मोडते. मला फक्त एक कळत नाही. हे तुम्हाला सुचलं कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"म्हणजे माझ्या फोनमधून काही बाहेर पडतंय का? खरं किंवा खोटं, काहीही. माझ्या फोनमध्ये मी एकटी नाही, काकू. लोक माझ्या खोलीत सुनेबद्दल बोलतात, मुलाबद्दल बोलतात, त्यांच्या तपासण्या सगळ्या त्यात आहेत. मेळ गळका असेल तर मला ही जोडणी मिटवावी लागेल. मग अभिनंदन कितीही आवडला असला तरी." शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा लवकर निघून गेलं. ती सावरली. "शनिवारपर्यंत वाट बघते. तुम्हाला काही माहीत असलं तर सांगा."

राजमतीबाईंना माहीत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडलेल्या या बाईला स्वतःचं उघडता आलं नाही.

*

गुरुवारी सकाळी आंघोळघरात पाण्याचा आवाज सुरू झाल्याबरोबर त्यांनी फोन उघडला आणि आजाराच्या प्रश्नापुढं पुन्हा 'चालेल' केलं. केलेलं मिटवलं म्हणजे झालं. आता एकवीस यायला हवेत.

एकोणीस आले.

राजमतीबाईंनी चष्मा पुसला. गोष्ट होती तशी जागेवर ठेवली, तरी आणखी एक कमी? म्हणजे आजाराचा काही संबंधच नव्हता. मुलगी खरं बोलत होती, आणि आपण तिच्या आईला उगाच रडवलं. ही बोच बोचलीच, पण तिच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते होतं निखळ कुतूहल. मग गुण खातंय कोण?

शुक्रवारी त्यांनी फोन उघडला, काहीही बदललं नाही, नुसता मेळ घेतला. अठरा.

त्या दिवशी मगदूमांच्या जैन घरात संध्याकाळचं जेवण नेहमीप्रमाणं सूर्य मावळायच्या आत वाढलं गेलं. शांतिनाथांनी ताटावरून खिडकीकडं आणि खिडकीवरून ताटाकडं बघत वेग धरला होता.

"अरे," राजमतीबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "तो मेळ एकदा पुन्हा घेऊन बघ की. माझ्यासमोर."

अभिनंदननं उजवा हात ताटातच ठेवून डाव्या अंगठ्यानं फोन उघडला. आकडा आला आणि त्याचा घास हातातच राहिला. "आई, अठरा?"

"अजून एकदा घे."

"अठराच." त्याचा आवाज खाली गेला. "एकवीस होते ना? तिनं अटी बदलल्या असणार. मन बदललं असेल तिचं. कालपासून नीट बोलतही नव्हती." त्यानं फोन पालथा ठेवला. "जाऊ दे. उद्या-परवा तीच मिटवेल, त्यापेक्षा मीच मिटवतो."

राजमतीबाईंना त्या क्षणी ते काही ऐकूच आलं नाही. त्यांच्या डोक्यात एक साधी मांडणी सरळ रेषेत येऊन उभी राहिली होती. अटी बदलल्या तरी एक जातो, परत फिरवल्या तरी एक जातो, काही केलं नाही तरी एक जातो. आणि त्यानं उघडला, तर दोनदा घेऊनही जात नाही. गुण गेला त्या प्रत्येक वेळी सारखी असलेली गोष्ट एकच होती. त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडं बघितलं. त्याला भाकरीचं पीठ लागलं होतं.

शेवटचा प्रश्न. घरातला चमचा. सगळ्या पोरींना त्या 'चालेल' लिहायला लावत, पण या पोरीनं आपलं आपण भरलं होतं. फोनला तर माहीतच असतं कुणाचं बोट कितीदा लागतं ते. महिन्याभरात दुसऱ्याचा हात जितक्या वेळा, तितके गुण वजा. राजमतीबाई मुलीच्या तिजोरीला कान लावून बसल्या होत्या, आणि आतून जो आवाज येत होता तो त्यांच्याच टकटकीचा होता.

पहिला विचार आला तो गुपचूप अंगठा काढून टाकायचा. पाठोपाठ दुसरा आला. अंगठा काढायला आधी फोन उघडावा लागेल. उघडला की सतरा. सतरा झाले की जोडणी वर्षभरासाठी गेली. आता चुपचाप निस्तरायची वाटच उरली नव्हती. हातात होतं ते तोंड.

"मिटवू नकोस," त्या म्हणाल्या. "तिनं काही बदललेलं नाही. मी बदललं."

त्यांनी सगळं सांगितलं. प्लास्टरचा अंगठा, आंघोळीची वेळ, आजाराचा प्रश्न, मिरजेची मावशी. शांतिनाथांचा घास हातातच राहिला आणि बाहेर सूर्य त्यांच्यासाठी न थांबता गेला.

अभिनंदननं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "पुण्याच्या नोकरीला मला जायचं नव्हतं. तुला कधी सांगितलं होतं मी?"

"नाही. पण तू मित्राला लिहिलेलं..." त्या अडखळल्या. "वाचलं होतं मी. म्हणून तर तुझ्या वडिलांना गप्प केलं."

"कुठल्या मित्राला?"

"ते नाही बघितलं."

"ते कुणालाच पाठवलं नव्हतं. लिहून ठेवलं होतं. तू वाचशील म्हणून."

राजमतीबाईंनी हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली.

"मला माहीत होतं, आई. किती वर्षं. फोन उलटा ठेवलेला असायचा आणि तू सुलटा ठेवायचीस. सुरुवातीला राग यायचा. मग वाटलं, बरंय. समोर बसून बोलायला जमत नाही, ते असं पोचतं तरी." तो खिन्नपणे हसला. "माझी पण सोयच होती."

त्यानं फोन उचलला, काही खुणा दाबल्या, आणि आईसमोर धरला. 'दुसरा अंगठा काढून टाकायचा?' खाली दोन चौकोन होते. त्यानं 'होय' दाबलं. काहीही आवाज झाला नाही.

"आता बोलावं लागणार मग," राजमतीबाई म्हणाल्या.

"हो," अभिनंदन म्हणाला. "अवघड आहे जरा." आणि थोड्या वेळानं, "त्रिशलाला मी सांगू?"

"तू कशाला? अंगठा माझा होता."

*

शनिवारी सकाळी राजमतीबाई जयसिंगपूरच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. त्रिशलाची खोली म्हणजे जाड दाराचं, भिंतींना मऊ अस्तर लावलेलं एक कपाटच होतं. आत शिरलं की बाहेरचा रस्ता एकदम नाहीसा झाला. स्वतःच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा त्यांना परका वाटला.

"फोन बाहेरच्या खणात ठेवा," त्रिशला म्हणाली. "माझाही तिथंच आहे. इथल्या यंत्रांना त्यांचा त्रास होतो."

राजमतीबाईंनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असेल असं वाटलं होतं, पण नव्हतं. मावशीपाशी आल्यावर त्या थांबल्या. "तुझ्या आईला मी आज जाऊन भेटते. माझ्याच तोंडानं गेलेलं, ते माझ्याच तोंडानं परत घेते."

त्रिशला कानावर लावायच्या यंत्राची वायर बोटाला गुंडाळत ऐकत होती. "म्हणजे माझा फोन गळत नव्हता."

"नाही. गळत होते ती मी."

"मीही रोज बघत होते, काकू. एकवीस, वीस, एकोणीस, अठरा. मला वाटलं, अभिनंदन एक-एक पाऊल मागं सरकतोय." तिनं वायर सोडली. "माझं एकदा ठरलं होतं. आधी. त्या घरात माझे निरोप नणंद जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायची. सगळे हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं असंही नाही. पण मी ते त्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं."

राजमतीबाईंनी मान खाली घातली. या खोलीत न बोललेलंही ऐकू येत असावं, कारण त्रिशला जरा मऊ झाली.

"अभिनंदननं काल रात्री फोन केला होता," ती म्हणाली. "तासभर बोलला. तो, म्हणजे, स्वतः. पुण्याच्या नोकरीचं वगैरे."

"बोलला?" राजमतीबाईंना जे वाटलं ते मत्सराच्या फार जवळचं होतं, आणि त्यांनी ते तिथंच दाबून टाकलं. "मग मिटवणार नाहीस ना?"

"नाही. पण काकू, तुमचं समाधान कुठं झालंय? अठरा गुण अजून गायबच आहेत. काही तुमच्या अंगठ्यानं गेले. बाकीचे?"

राजमतीबाईंनी प्रामाणिकपणे उसासा सोडला. "झोप लागत नाही बघ त्यापायी."

"मग मला विचारा की."

"तुलाच?"

"मलाच. सांगण्यासारखं असेल ते सांगेन. नसेल ते नाही म्हणेन. असं कधी विचारलंय का कुणाला?"

नव्हतं विचारलं. दुकानदाराला, औषधवाल्याला, समोरच्या म्हातारीला, सगळ्यांना विचारलं होतं. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला कधीच नाही. एवढ्या वर्षांची मुरलेली बाई, पण पहिला प्रश्न काय विचारावा ते सुचेना. पोहे घेऊन प्रथमच बाहेर आलेल्या मुलीसारखं त्यांचं झालं. शेवटी जे वर होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"आमच्याकडं अंधार पडला की चूल बंद. तुमच्याकडंही तसंच, ते मला ठाऊक आहे. पण समज, दवाखान्यातून निघायला उशीर झाला. पोटात कावळे ओरडतायत. मग काय करतेस?"

त्रिशलानं जाड दाराकडं बघितलं. ते बंद होतं. "आईला सांगणार नाही?"

"तिला मी फक्त गोळ्यांचं सांगायला जाणार आहे."

"बटाटेवडा," त्रिशला म्हणाली. "स्टँडसमोर. उभ्या उभ्या. कधी कधी दोन."

रात्रीचं खाणं, वर जमिनीखालचा वर्ज्य बटाटा, आणि तोही रस्त्यावरचा. राजमतीबाईंनी डोळे मिटले. दोन-तीन गुणांचा ठावठिकाणा तरी त्यांना तिथल्या तिथं लागला. सवयीनं त्यांनीही मागं वळून दाराकडं बघितलं, खुर्ची पुढं ओढली आणि त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"कुठल्या गाडीवरचा? कोपऱ्यातल्या की रसवंतीशेजारच्या? कारण कोपऱ्यातला लसूण फार घालतो, मी खायचं सोडलं त्याच्याकडं."